पाठामागची खातेवही

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि हाती येणारे पुस्तक मात्र वेगळ्या भाषेचे, अशीही अडचण होती. डिसले गुरुजींनी स्वतः कन्नड शिकून पुस्तकांचा अनुवाद केला आणि पानांवर क्यूआर कोड बसविले. मोबाईल समोर धरताच कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, स्वाध्याय पुढे येई. २०१७ साली राज्य शासनाने पाठ्यपुस्तकांत असे कोड देण्याचे ठरविले. ३ डिसेंबर २०२० रोजी गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झाले आणि १० लाख डॉलरच्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य ९ शिक्षकांना वाटून दिली. सोलापूरकरांना याचा सार्थ अभिमान आहे.

मात्र लोकांच्या नजरेत भरला तो कोड. त्यामागची नोंद कुणाला दिसली नाही. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात पाठ नसतो, पाठाचा केवळ पत्ता असतो. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या मंचाच्या पुस्तकांत कोडाखाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेत छापलेला आढळतो. त्या संकेताला कोणता पाठ जोडायचा, हे नोंदीवरून ठरते. मंडळ, माध्यम, इयत्ता, विषय व घटक या तिच्या मुख्य खुणा होत. यांनाच ‘टॅग’ म्हणतात. व्यवस्था सोयीची आहे. पुस्तक पुन्हा न छापता मागचा पाठ बदलता येतो. परंतु नोंद चुकली, तर छापील पान निर्दोष असूनही मुलापुढे भलताच पाठ उघडतो.

बँकेत रक्कम बरोबर असून खाते क्रमांक कोणत्याच खात्याशी जुळला नाही, तर पैसे बुडत नाहीत. ते कधी कधी सस्पेन्स खात्यात पडून राहतात आणि खातेदार मात्र खिडकीशी ताटकळतो. चुकीच्या खुणेखाली पडलेल्या पाठाची अवस्था अशीच होते. सोलापुरात मराठीबरोबर उर्दू, कन्नड व तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत. येथे ‘माध्यम’ हा एकच रकाना चुकला, तरी मुलाला त्याची भाषा मिळत नाही.

स्थळ आणि काळ यांचीही नोंद हवी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या पाठात महाराष्ट्राचे जिल्हे ३५ असतील, आज ते ३६ आहेत. पाठावर दिनांक नसेल, तर जुने उत्तरच मुलाला खरे वाटेल. शेजारचा धाराशिव जिल्हा शोधताना ‘उस्मानाबाद’ हे जुने नावही खुणांत असले पाहिजे. अन्यथा चांगला पाठ असूनही तो सापडणार नाही.

ज्या पाठात मूल स्वतः उत्तर देते, त्या संवादी पाठाची नोंद अधिक काटेकोर हवी. समजा, अपूर्णांकांच्या बेरजेचे १० प्रश्न आहेत. सर्वांवर ‘अपूर्णांक’ एवढीच खूण असेल, तर शिक्षकाला ‘१० पैकी ६’ इतकेच कळते. त्याऐवजी काही प्रश्नांवर ‘समान छेद’ व काहींवर ‘भिन्न छेद’ अशी खूण असेल, तर मूल नेमके कोठे अडले ते उमगते. एक-द्वितीयांश आणि एक-तृतीयांश यांची बेरीज दोन-पंचमांश लिहिणाऱ्या मुलाने अंश व छेद सरळ मिळविलेले असतात. त्या चुकीच्या उत्तराशेजारी हे कारण टिपलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी वर्गात काय शिकवावे, हे शिक्षकाला शोधत बसावे लागत नाही.

याखेरीज पाठासोबत चार ओळींचे टिपण असावे: पाठ कोणी रचला, त्याचा वापर व त्यात बदल करण्यास मुभा आहे काय, तो इंटरनेटशिवाय चालतो काय आणि मुलाला आधी काय येत असले पाहिजे. पाठ रचणाऱ्या शिक्षकाची बदली होते, पण टिपण मागे राहते व नव्या शिक्षकाला उपयोगी पडते.

हे काम रुक्ष आहे आणि पाठ करणारा शिक्षक दमलेला असतो, म्हणून बहुधा तेच राहून जाते. वास्तविक आपल्या घरोघरी आयुष्यभर हिशेब तपासलेली निवृत्त मंडळी आहेत. नातवंडांच्या पुस्तकातील प्रत्येक कोड त्यांनी सायंकाळी उघडून पाहावा. पाठ त्याच इयत्तेचा, माध्यमाचा व घटकाचा आहे ना, हे पडताळावे. जेथे मेळ बसत नाही, तेथे पृष्ठ क्रमांक, कोडाखालचा संकेत व दिसलेली चूक एका कागदावर लिहून तो वर्गशिक्षकांच्या हाती द्यावा.