पिकअप पिकअप घेईना

बैल ओढंना झाला म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीनं कधी लगेच बैल बदलला नाही. आधी जू उतरवून बघायचे, खांदा आलाय का. मग खूर उचलायचे, खडा रुतलाय का. मग आखाला वंगण आहे का आणि गाडीत भरलंय किती. एवढं झाल्यावर बैलाच्या ताकदीचं बोलणं. आता गोठ्याच्या जागी पिकअप उभी आहे आणि गोठ्याबरोबर ही बघायची रीतही आपण मोडून टाकली. पाय दाबून धरला तरी गाडी उचलत नाही, की लगेच कुणीतरी म्हणतं, "टर्बो गेला", "इंजेक्टर गेले". आणि आपण माना डोलावतो.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वस्तातली कारणं तपासल्याशिवाय महागाचा पार्ट बदलणं ही दुरुस्ती नव्हे, जुगार आहे. आणि डाव लागतो तो शेतकऱ्याच्या पैशावर.

शहरातल्या वाचकाला वाटेल, हे मिस्त्रीचं काम, शेतकऱ्यानं कशाला डोकं घालावं? पण यात गूढ काही नाही. डिझेल इंजिनाला पुरेशी हवा लागते, स्वच्छ डिझेल लागतं आणि झालेली ताकद चाकापर्यंत अडथळा न होता पोचावी लागते. तिन्हींपैकी एक जरी अडलं तरी गाडी मरगळते. मग बघायचंही त्याच क्रमानं.

ऊसतोडीच्या दिवसांत आमचे कच्चे रस्ते म्हणजे नुसता फुफाटा. एअर फिल्टरचा कागद त्यात बुजून जातो. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून चढाला काळा धूर. डिझेल फिल्टरखाली पाणी साठतं. ते वेळच्या वेळी सोडलं नाही, फिल्टर मुदतीत बदलला नाही, तर इंजिन उपाशी राहतं. इंजिन ओरडतंय पण गाडी त्या मानानं पळत नाही, तर क्लच घसरतोय. आणि चार-पाच किलोमीटर ब्रेक कमीत कमी लावून गाडी चालवा, थांबून चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलेलं लागलं तर तिथं ब्रेक चिकटलाय. यातल्या कशालाही हजारो रुपयांचं यंत्र लागत नाही.

टोमॅटोच्या हंगामात संगमनेरकडून नारायणगावच्या बाजाराला जाताना चंदनापुरी घाटात माझी गाडी अशीच बसली. दुसऱ्या गिअरवरही चढंना, मागं काळा धूर, आणि पाय दाबला की बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज. माल पोचायला उशीर झाला की भाव कुणासाठी थांबत नाही, हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपात नेली. त्यांनी वायर जोडली, पडद्यावर आलं: टर्बोचा दाब कमी. लगेच नव्या टर्बोचा पस्तीस हजारांचा कागद हातात. मी म्हटलं, "साहेब, शिट्टी कुठून येती ते तरी बघा." उत्तर आलं, "काका, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

कॉम्प्युटर खोटं बोललाच नव्हता. दाब कमी होता, एवढंच तो म्हणाला होता. का कमी, ते शोधणं माणसाचं काम होतं आणि ते माणसानं केलं नाही. गाडी तशीच परत आणली. गावातल्या गॅरेजच्या पोरानं इंजिन चालू ठेवून पाइपावर साबणाचं पाणी मारलं, दुसऱ्याला रेस द्यायला सांगितली. टर्बोकडून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप क्लिपेखाली चिरला होता, तिथं फेस धरला. पाइप आणि नवी क्लिप, मजुरीसकट हजाराच्या आत काम झालं. पुढच्या खेपेला त्याच घाटात गाडी तिसऱ्यावर चढली.

यावर मिस्त्री मंडळी म्हणतील, नव्या गाड्या जुन्यासारख्या राहिल्या नाहीत. खरं आहे. २०२० पासून बीएस-६ आलं, सेन्सर वाढले, काही बिघाड स्कॅनरशिवाय सापडत नाहीत. स्कॅनरला माझा विरोध नाही. स्कॅनरनं दाखवलेल्या लक्षणालाच रोग समजून बिल फाडायला आहे. टर्बो खरंच जातात, इंजेक्टरही जातात. पण ते सिद्ध करून दाखवा आणि मग बदला.

आपल्यातल्यांनाही दोन शब्द सुनावतो. दीड टनाच्या गाडीत वीस किलोचे ७५ क्रेट बसतात, तेही रिकाम्या क्रेटचं वजन सोडून. तिथं सव्वाशे रचायचे आणि गाडी उचलत नाही म्हणून बोंबलायचं, याला बिघाड म्हणत नाहीत.

म्हणून वर्कशॉपच्या काउंटरवर आपण तीन गोष्टी मागायच्या. बिघाड कशावरून ठरवला ते कागदावर लिहून द्या. पार्ट खोलाल तेव्हा मला समोर उभं राहू द्या. आणि बदललेला जुना पार्ट माझ्या हातात द्या. हप्ते मी भरतो, डिझेल मी भरतो. माझ्या पैशाचं नेमकं काय झालं, हे बघायला दहावीच्या पुढं शिकावं लागत नाही.