सत्काराला न येणारी आई

१० ऑक्टोबर जवळ आला, की निमंत्रणपत्रिका येऊ लागतात. जागतिक मानसिक आरोग्य दिन १९९२ पासून पाळला जातो. आता त्यानिमित्त निधीसंकलनाचे झगमगीत समारंभही होतात. त्यात गैर काही नाही. या कामाला सहसा कुणी देणगी देत नाही. ती भरजरी साड्यांच्या गर्दीतून मिळत असेल, तर खुशाल मिळावी. आमचे म्हणणे आहे ते सत्कारमूर्तींबद्दल.

डॉक्टरांचा मान व्हायलाच हवा. डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना कर्जतला आणून बरे केले, त्यांच्या घरी पोचवले. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला. पण महाराष्ट्रात या कामाचा दुसरा धागा घरच्या माणसांनी विणला. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. पुढे २००४ मध्ये ‘देवराई’ हा चित्रपट आला, त्यामागेही वाणी होते. अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष पाहताना आपला मुलगा लहरी नाही, आजारी आहे, हे उमगायला घराघरांना वाट मिळाली.

या क्षेत्रात आजाऱ्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्यांच्या स्वमदत गटात झगमगाट नसतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, कुणाच्या पिशवीत वारांच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी. नव्याने आलेले वडील खाली मान घालून सांगतात, “गोळी तोंडात धरतो आणि बेसिनमध्ये थुंकतो.” शेजारची आई म्हणते, “भांडू नका त्याच्याशी. डॉक्टरांना विचारा, महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं.” एवढे एक वाक्य त्या घराचे सहा महिने वाचवू शकते.

याच आईला व्यासपीठावर बोलवा. ती बहुधा नको म्हणेल. धाकटीचे लग्न जमायचे आहे, सोसायटीत कुणाला ठाऊक नाही, पेपरात फोटो आला तर? ज्या कलंकाविरुद्ध समारंभ भरवायचा, तोच तिला दारात अडवतो. आणि धीर करून एखादा शुभार्थी आलाच, तर सूत्रसंचालक विचारतो, “नेमकं काय ऐकू यायचं हो तुम्हाला?” टाळ्यांसाठी कुणाकडून पाच मिनिटांत त्याचे दुखणे वदवून घेणे, याला आम्ही सन्मान म्हणणार नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गंभीर मानसिक आजार असलेल्या चारांपैकी जवळजवळ तिघे उपचारांविना आढळले होते. २०१७ च्या कायद्याने उपचारांचा हक्क दिला, पण तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ शोधावाच लागतो. अशा ठिकाणी पहिला आधार गटाचाच.

म्हणून आयोजकांना विनंती : मानपत्र व्यक्तीऐवजी गटाला द्या, आणि त्यासोबत गटाच्या खोलीचे वर्षाचे भाडे व एका प्रशिक्षित समाजसेविकेचा पगार द्या. नाव छापायचे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवू द्या. पत्रिकेच्या मागे प्रायोजकांच्या बोधचिन्हांशेजारी थोडी जागा काढून टेली-मानसचा क्रमांकही छापा : १४४१६. ही सरकारी सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालते, आणि तिथे मराठीतही बोलता येते.