किल्ली कोणाकडे?

औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपले अधिकार गावपंचायतींच्या हाती सोपवले आणि औंधपासून आटपाडीपर्यंत विखुरलेल्या गावांना कारभाराची सवय लागली. चर्चच्या वेबसाइटचा विषय निघाला की मला हे आठवतं, कारण तिथे अजून एकहाती सत्ता असते. साइट मंडळीतल्या एखाद्या हौशी तरुणाच्या नावावर. तो नोकरीला पुण्याला गेला की पासवर्डही जातो. डोमेनची मुदत पैसे भरून वाढवावी लागते, टळली तर ते नाव कुणीही घेऊ शकतं. म्हणून नोंदणी चर्चच्या नावे हवी आणि चावी पास्टरेट कमिटीतल्या निदान दोघांकडे. वर्डप्रेस की गुगल साइट्स, यावर डोकं शिणवू नये. बनवणाऱ्यानंतर दुसऱ्याला चालवता येईल ते घ्यावं. (फुकट मिळतं म्हणून घेतलेलं कधीकधी पुढे जाहिरातींनी भरतं, तेही पाहावं.) पानावर उपासनेची वेळ, नकाशा, पाळकांचा फोन एवढं ठळक असलं की पुरे. मिरजेचंच पाहा: मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांच्या दवाखान्यापासून तिथे उपचारासाठी माणसं येत राहिली आहेत. परगावहून आलेला ख्रिस्ती नातेवाईक रविवारी हेच शोधणार. जूनमध्ये त्याला गेल्या नाताळचा कार्यक्रम दिसला, तर चर्च बंद पडलं असंच तो समजेल. बाप्तिस्म्याची रजिस्टरं आणि संडे स्कूलच्या मुलांचे नावासकट फोटो चढवायची हौस मात्र आवरावी. आईबापांना विचारल्याशिवाय तर नाहीच.