ओरडायचं तिने, धावायचं कोणी?

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८५ साली विंचेस्टर इथे एक कायदा केला. दरोडा पडला, खून झाला, की ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याने, किंवा ज्याने तो पहिल्यांदा पाहिला त्याने, जिवाच्या आकांताने ओरडायचं. ती ओरड ज्याच्या कानावर जाईल त्याने हातातलं काम टाकून धावत सुटायचं. गुन्हेगार शीव ओलांडून गेला तर पुढच्या गावाला हाळी द्यायची, त्या गावाने त्याच्या पुढच्या गावाला. माणूस हाती लागला की त्याला शेरीफच्या स्वाधीन करायचं. १५ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे हत्यार बाळगायचं. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांची झुडपं २०० फुटांपर्यंत तोडून टाकायची, म्हणजे कोणाला दबा धरून बसायला आडोसा नको. एवढं करूनही ४० दिवसांत दरोडेखोर सापडला नाही, तर लुटलेल्या ऐवजाची भरपाई त्या भागातल्या गावांनी मिळून द्यायची.

‘ह्यू अँड क्राय’ हे या व्यवस्थेचं नाव. इंग्रजी वर्तमानपत्रांत आज हे शब्द नुसत्या गदारोळासाठी येतात. त्या काळी मात्र ओरडणं ही कायद्याने ठरवून दिलेली कृती होती आणि तिचा हिशेब ठेवला जात असे. गावोगावच्या जमीनदारी न्यायालयांच्या जुन्या दप्तरांत अशा हाकाट्यांच्या नोंदी आहेत. हाकाटी रास्त ठरली तर ज्याच्याविरुद्ध ती घातली त्याला दंड, विनाकारण घातली असेल तर घालणाऱ्याला दंड. ऐकूनही जो जागचा हलला नाही, त्यालाही दंड. या नोंदींत बायकांनी घातलेल्या हाकाट्या पुष्कळ आहेत, आणि मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात. ज्या काळात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर दावा लावणंही कठीण होतं, त्या काळात तिच्या एका आरोळीने अख्खं गाव कायद्याने बांधलं जात होतं. तिने ओरडावं, आणि उरलेलं काम गावाने करावं.

ही व्यवस्था गोड होती असं कोणी समजू नये. पळणारा माणूस सामना करू लागला तर तो जागीच मारला जाई, आणि पाठलाग करणारे बहुधा सुटत. पण तिच्यात तीन जबाबदाऱ्या एकात एक गुंफलेल्या होत्या: ओरडणाऱ्याची, ऐकणाऱ्याची, आणि पकडलेल्या माणसाला अधिकाऱ्यापुढे उभं करण्याची.

आपल्या मुलखातही याच्या जवळची पद्धत होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला, त्यात ती आढळते. चोरी झाली की गावच्या राखणदाराने, मग तो कुठे रामोशी असे, कुठे भिल्ल, कुठे मांग वा महार, चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि माग पलीकडे गेलेला दाखवून तो पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा. माग जिथे तुटेल त्या गावावर ऐवजाची जोखीम. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की इंग्लंडात धावणं सगळ्या गावावर होतं. आपल्याकडे ते गावाच्या तुकड्यावर जगणाऱ्या, गावकुसाबाहेरच्या माणसाच्या पायांवर टाकलेलं होतं.

अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडातली व्यवस्था खिळखिळी झाली. शहरं फुगली, शेजारी अनोळखी झाले, दुसऱ्याच्या चोरीची भरपाई आपण का द्यायची असं लोक विचारू लागले. १७३५ च्या कायद्याने तर लुटल्या गेलेल्या माणसाला भरपाई हवी असेल तर ‘लंडन गॅझेट’मध्ये जाहिरात देण्याची अट घातली. शिवेशिवेवरून पुढे जाणारी आरोळी छापील कागदावर येऊन बसली. १८२७ मध्ये विंचेस्टरचा कायदा रद्द झाला, आणि १८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी लंडनचं पोलीस दल उभं केलं.  पगारी पोलीस हे धावत्या जमावापेक्षा शंभरपट बरे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ऐकणाऱ्याचं कर्तव्य रद्द होताना ओरडणाऱ्याचं कर्तव्य मात्र एका ठिकाणी शाबूत ठेवलं गेलं.

ते ठिकाण म्हणजे बलात्कार. बाराव्या शतकातला ग्लॅनव्हिलच्या नावावरचा कायद्याचा ग्रंथ आणि तेराव्या शतकातला कायदेपंडित ब्रॅक्टन यांनी सांगून ठेवलं होतं की अत्याचार झालेल्या स्त्रीने ताबडतोब जवळच्या गावात जावं, ओरड करावी, जखमा, रक्त आणि फाटलेले कपडे चारचौघांना दाखवावेत. हे वाचताना अंगावर काटा येतो. तरी त्या काळाच्या चौकटीत त्याला एक तर्क होता: ती ओरडली तर लोकांना यावंच लागत होतं. पुढे सतराव्या शतकात न्यायमूर्ती मॅथ्यू हेल यांनी त्याच नियमाचं संशयात रूपांतर केलं. ऐकू जाईल अशा जागी असूनही बाई ओरडली नाही, किंवा बराच काळ गप्प राहिली, तर तिचं म्हणणं खोटं असण्याचा संभव धरावा. त्यांचा ग्रंथ १७३६ मध्ये छापला गेला, इंग्रजी कायद्याचा भाष्यकार ब्लॅकस्टोन याने तेच सांगितलं, आणि इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांबरोबर ते हिंदुस्थानात आलं. मदत मिळवण्याचा मार्ग होता तो चारित्र्याची परीक्षा होऊन बसला.

ही परीक्षा कुठपर्यंत पोचली? २६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. भावाने केलेल्या तक्रारीवरून एका अल्पवयीन आदिवासी मुलीला जबाबासाठी आणलं होतं. साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना घरी जायला सांगून तिला आत थांबवून घेतलं. तिची माणसं बाहेर वाट पाहत होती. ठाण्यातले दिवे गेले, दार आतून लागलं. बाहेरची माणसं मागच्या अंगाला गेली, अंधारात मुलीच्या नावाने हाका मारल्या. उत्तर आलं नाही. त्या ओरड्याने लोक जमले, जमाव वाढला, ठाणं पेटवून देऊ म्हणू लागला, आणि तेव्हा कुठे वरिष्ठाला बोलावून, ठाण्यातल्या दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची मुलीची तक्रार लिहून घेतली गेली.

म्हणजे देसाईगंजात हाकाटी झाली होती. हाकाही मारल्या गेल्या आणि माणसं धावूनही आली. ती आली नसती तर तो कागद तयार झाला असता असं मला वाटत नाही.

सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडलं: अंगावर इजा नाहीत, सबब प्रतिकार नाही, आणि आपण ओरडलो असं मुलगी म्हणते ते रचलेलं आहे. बंद दाराआड, खाकी वर्दीपुढे, पोरसवदा मजूर मुलगी किती मोठ्याने ओरडली यावर निकाल तोलला गेला. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असं त्या खटल्याचं नाव. देशभर तो मुलीच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव लिहीत नाही, तिने पुरेसं सोसलं आहे.

वर्षभराने उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं, आणि संमती नव्हती असं स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसंच गृहीत धरावं, असं अशा खटल्यांपुरतं ठरलं. १९९६ मध्ये गुरमित सिंग खटल्यात, मुलीने वाटेत आरडाओरडा केला नाही म्हणून तिच्यावर अविश्वास दाखवणाऱ्या खालच्या न्यायालयाला सर्वोच्च न्यायालयाने खडसावलं. २०१३ च्या दुरुस्तीने तर स्पष्ट लिहिलं की केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही. साडेतीनशे वर्षं मागच्या मॅथ्यू हेल यांना कायद्याच्या कागदावरून आपण असं हटवलं. उलटतपासणीत आणि घराघरांतल्या कुजबुजीत ते अजून आहेत.

पण ही अर्धी दुरुस्ती आहे. ओरडणारीला मोकळं केलं हे योग्यच. ऐकणाऱ्याचं काय? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३९ वं कलम सांगत होतं की काही गुन्ह्यांची खबर प्रत्येक नागरिकाने दिलीच पाहिजे. त्या यादीत खून होता, दरोडा होता, खोट्या नोटाही होत्या. बलात्कार नव्हता. त्यामागे एक कारण पटण्याजोगं आहे: तक्रार करायची की नाही हे त्या स्त्रीने ठरवावं, शेजाऱ्याने नव्हे. मात्र खबर देणं आणि मदतीला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीबद्दल आपला कायदा जवळजवळ गप्प आहे. पहिलीच्या बाबतीत, लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने सक्तीचं केलं, तेवढा अपवाद. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा शेजाऱ्याला माहिती देण्याची मुभा देतो, सद्‌भावनेने दिली तर त्याच्यावर बालंट येणार नाही अशी हमीही देतो. ही मुभा आहे हे किती शेजाऱ्यांना ठाऊक आहे?

लोक धावले पाहिजेत असं म्हणताना राईनपाडा डोळ्यांपुढून हलत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षेसाठी हिंडणारी, मंगळवेढ्याकडची माणसं. तिथे आरोळी होती, धावणंही होतं. नव्हती ती तिसरी जबाबदारी, पकडलेल्याला जिवंत स्वाधीन करण्याची. कोणाची तरी अफवा मोबाइलवर पुढे ढकलणाऱ्याला आपण काहीतरी केलं असं वाटलंच नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या खेड्यात खोटी हाकाटी घालणारा निदान कचेरीत उभा राहून दंड भरत होता.

राईनपाड्याच्या भीतीने शेजाऱ्याला घरात बसून राहण्याची सबब मात्र मिळू नये. शहरातल्या बहुतेक किंकाळ्या रस्त्यावर फुटतच नाहीत. त्या भिंतीपलीकडच्या फ्लॅटमधून येतात, आणि अलीकडचा माणूस टीव्हीचा आवाज वाढवतो. २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम निघाली होती. तिची मागणी फार छोटी होती: आवाज ऐकू आला तर जाऊन त्या दाराची बेल वाजवा, दूध मागा, वेळ विचारा, काहीही करा. मारणाऱ्याला कळू द्या की कोणीतरी ऐकतं आहे. हाणामारी नाही, न्यायनिवाडा नाही, नुसती हजेरी. तपास करणाऱ्या पोलिसांनीही ‘तू ओरडलीस का’ हा प्रश्न सोडून द्यावा, आणि जिना उतरून प्रत्येक मजल्यावर विचारावं: त्या रात्री तुम्ही काय ऐकलंत, आणि त्यानंतर काय केलंत?