भोंग्याचे ऋण

बालपण खेड्यात गेले असेल तर ते रमणीय आणि गिरणगावात गेले असेल तर ते करुण, असा एक समज आपल्या सुशिक्षित मंडळींत रूढ आहे. नदी, आमराई, देवळाचा घाट यांचा उल्लेख होताच श्रोते सद्गदित होतात. धुराडे, चाळ व सार्वजनिक नळ यांचे नाव निघाले की चेहऱ्यांवर अनुकंपा उमटते. प्रस्तुत लेखकाचे बालपण १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या परळ-लालबाग भागात गेले. वडील एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. ते दिवस करुण मुळीच नव्हते, गोड होते. मात्र त्या गोडीचे मोल कोणी दिले, हे सांगितल्यावाचून ती आठवण पुरी होत नाही.

आमचे घटिकायंत्र म्हणजे गिरणीचा भोंगा. सकाळी सात, दुपारी साडेतीन आणि मध्यरात्री बारा, अशा तीन पाळ्यांवर साऱ्या वस्तीचा व्यवहार चाले. आजीची पूजा, आईचा स्वयंपाक, आमची परवचा, सर्व काही भोंग्याच्या अनुरोधाने. दुपारी पाळी सुटली की रस्ता माणसांनी फुलून जाई. त्यांच्या केसांवर व भुवयांवर रुईचे पांढरे तूस बसलेले असे. सकाळी गेलेली माणसे आठ तासांत म्हातारी होऊन परतली, असे आम्हा मुलांस वाटे.

शेजारच्या खोलीत पाटणकडील दहा-बारा गडी राहत. बायकामुले गावी, जेवण खानावळीत. एक पाळी कामावर गेली की तिच्याच वळकट्यांवर दुसरी निजे. ही सारी मंडळी एकत्र दिसत ती रविवारी. त्या दिवशी टाळ-मृदंग निघत आणि सबंध चाळ भजनाला लोटे.

हा रविवार त्यांना सहज मिळालेला नव्हता. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापिलेली पहिली गिरणी १८५६ साली सुरू झाली. तथापि कारकुनाला व शाळकरी मुलाला असलेली आठवड्याची सुटी गिरणीकामगाराला पुढे कित्येक वर्षे नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारून ही मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली.

परंतु रविवारच्या भजनामागून सोमवारचा खोकलाही येई. रुई पिंजण्याच्या खात्यात काम करणारे एक वडीलधारे गृहस्थ होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. सोमवारी संध्याकाळी ते जिन्याच्या पायरीवर छाती धरून बसत. आजी म्हणे, ‘रविवारचं गाणं बाधलं हो त्यांना.’ वैद्यकशास्त्र निराळे सांगते. कापसाच्या धुळीने जडणाऱ्या या विकारास बिसिनोसिस म्हणतात, आणि सुटीनंतर कामावर जाण्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळणे, हे त्याचे प्रमुख लक्षण होय.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मुंबईतही भांडी खडखडली. दादांचे गाव त्याच खोऱ्यातले. ते गावी जावयास निघाले तेव्हा सोवळ्याओवळ्याची कडक असलेली आमची आजी आपण होऊन त्यांच्या उंबऱ्याशी गेली. भाकऱ्यांची शिदोरी आणि आपले एक नवे लुगडे त्यांच्या हाती ठेवून म्हणाली, ‘दादा, सूनबाईंना द्या. आणि पोचल्याचं पत्र टाका हो.’ त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी तिला त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते.

पुढे संस्कृत शिकताना या प्रसंगाचा अर्थ उलगडला. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही तीन ऋणे आपणा सर्वांस पाठ असतात. शतपथ ब्राह्मणात मात्र चौथे ऋण सांगितले आहे, ते मनुष्यऋण. आणि त्याची फेड म्हणजे माणसाला आसरा व अन्न देणे. आजीला अक्षरओळख बेताचीच होती, पण शास्त्र तिने आचरले होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर कित्येकांना काम पुन्हा मिळाले नाही, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांच्या जागी आज उंच इमारती व व्यापारी संकुले उभी आहेत. भोंगा थांबला, ऋण थांबले नाही. आमच्या शाळेची फी, पाटी-पुस्तके आणि घरातील अन्न, सारे त्याच तुसातून आले होते.

म्हणून घरातील वृद्धांना एवढीच विनंती. नातवंडांना बालपणीच्या गोष्टी अवश्य सांगा. परंतु आपली झोप सुखाची व्हावी म्हणून त्या रात्री कोण जागत होते, तेही सांगा. मुले ऐकतील, आणि आज आपल्या दारी येणाऱ्या श्रमिकाला पाणी देताना बसावयास आसनही देतील.