संबंधितांनीं नोंद घ्यावी

विद्यापीठ म्हटलें कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें गणेशखिंडींतील ती उंच मनोऱ्याची दगडी इमारत उभी राहते. मुंबईच्या गव्हर्नरासाठीं सन १८६४ मध्यें तिचें बांधकाम सुरू झालें. पुढें १९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें आणि गव्हर्नराच्या वाड्यांत सरस्वती नांदूं लागली. २०१४ पासून त्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. पुणें, अहिल्यानगर व नाशिक या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्यास जोडलेलीं असून आमच्या पिंपरी-चिंचवडांतील व खेड-चाकणकडील पुष्कळ मुलें त्याच छत्राखालीं शिकतात. त्या इमारतीचीं वर्णनें आजवर अनेकांनीं केलीं आहेत. आम्हांस आज एका अगदीं सामान्य वस्तूविषयीं लिहावयाचें आहे. ती म्हणजे महाविद्यालयाच्या जिन्याखालीं टांगलेला, काचेचीं दारें असलेला आणि किल्ली हरवल्यामुळें कायमचा उघडा राहिलेला सूचनाफलक.

आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. संस्कृत शिकलों तें शास्त्रीबुवांच्या ओसरीवर. तेथें फलक नव्हता, शास्त्रीबुवा खाकरले म्हणजे पाठ सुरू झाला असें समजावयाचें. त्यामुळें नातवंडांच्या प्रवेशाच्या निमित्तानें निगडी, आकुर्डी, चिंचवड येथील महाविद्यालयांत जाणें झालें, तेव्हां इतर पालक शुल्काच्या खिडकीपाशीं उभे असतां आम्ही फलकच वाचीत राहिलों. ही संवय पुढें जडली. आतां कोणाच्याही कामासाठीं त्या बाजूस गेलों तरी फलक वाचल्यावांचून पाय निघत नाहीं.

ऑगस्ट-सप्टेंबरांतील फलक म्हणजे तर मेजवानीच. एका कोंपऱ्यांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या नांवनोंदणीचा कागद असतो. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशीं सुरू झाली. विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची आणि सात दिवस एखाद्या खेड्यांत शिबिरास राहावयाचें, असा तिचा नियम आहे. घरीं जेवून उठतांना स्वतःचें ताट न उचलणारा मुलगा तेथें मातीचें घमेलें उचलतो, ही गोष्ट आमच्या वाचकभगिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

त्याच्या शेजारीं एकांकिकेच्या निवडचांचणीचा कागद. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आलेली आहे, आणि तिच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरांत ‘आव्वाज कुणाचा’ ही आरोळी ज्यानें ऐकली नाहीं त्यानें पुण्यांत येऊन काय केलें, असें तरुण मंडळी विचारतात. सन २०२२ मध्यें परीक्षकांनीं एकही संघ करंडकास पात्र नाहीं असें ठरविलें, तेव्हां मोठा गवगवा झाला. आम्हांस तो निर्णय मनापासून आवडला. छत्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यावर माणूस असा होतो. त्याला इलाज नाहीं.

आमच्या औद्योगिक पट्ट्यास शोभणारा कागद मात्र तिसराच. विद्यार्थ्यांनीं स्वतः आराखडा काढून, लोखंडी नळ्या कापून व जोडून, एकच माणूस बसेल अशी गाडी तयार करावयाची आणि ती स्पर्धेस न्यावयाची. मध्य प्रदेशांतील पिथमपूर येथें २००७ पासून ‘बाहा’ नांवाची अशी स्पर्धा सुरू झाली. तींत खडकाळ वाटेवरून गाडी सलग चार तास पळवितात आणि टिकते कीं मोडते तें पाहतात. ‘संघांत घेणें आहे, वेल्डिंग येणाऱ्यास प्राधान्य’ असा मजकूर विद्यामंदिरांत वाचून आम्हांस मौज वाटली. पण विद्यापीठाचें ब्रीदवाक्यच मुळीं ‘जो क्रियावान् तोच पंडित’ अशा अर्थाचें आहे. तेव्हां हातास काजळी लागलेला तो मुलगा ब्रीदवाक्यास आमच्याहून अधिक जवळचा म्हणावा लागेल. याशिवाय कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारांच्या जागा, ‘कमवा आणि शिका’ योजनेचे अर्ज, रक्तदान, वक्तृत्व, ग्रंथालयाचीं न परतलेलीं पुस्तकें. आणि या सर्वांच्या वर, कधीं कधीं या सर्वांस झांकून, परीक्षेच्या अर्जाची मुदत.

आतां या सूचनांच्या भाषेकडे वळूं. पुष्कळ सूचना इंग्रजींत असतात. ज्या मराठींत असतात त्या बहुधा अशा आरंभतात: ‘सर्व संबंधितांस कळविण्यांत येतें कीं’, आणि शेवट ‘संबंधितांनीं याची नोंद घ्यावी’ असा होतो. मोरो केशव दामले यांनीं १९११ सालच्या आपल्या व्याकरणांत प्रयोगविचार फार बारकाईनें केला आहे. परंतु या वाक्यांतील कर्ता त्यांनाही सांपडला असता कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. कळविणारा कोण, तें वाक्यांत नाहीं. तें एक वेळ चालेल, खालीं शिक्का असतो. पण ज्यास कळवावयाचें तो कोण? तर ‘संबंधित’. आणि आपण संबंधित आहों कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ओळखावयाचें.

या एका शब्दापायीं एका मुलीचें अर्धें वर्ष गेलेलें आम्हीं पाहिलें आहे. आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याची ती मुलगी. बाप मराठवाड्यांतून चाकणला कंत्राटी कामावर आला, तें काम सुटल्यावर इकडे राहिला. घरांत कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. पहिल्या सत्रांत तिचा एक विषय राहिला होता. राहिलेल्या विषयाचा परीक्षेचा अर्ज निराळा भरावयाचा असतो; त्याची मुदत गेली, विलंबशुल्काची मुदतही गेली, आणि मुलगी परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत प्रवेशपत्र मागावयास गेली तेव्हां तिला ही गोष्ट कळली. सूचना फलकावर लागली होती, दोन आठवडे होती. आम्हीं तिला विचारलें, “मग तो कागद वाचला कां नाहींस, बाळ?”

“वाचला की, सर,” ती म्हणाली. “पण वर लिहिलं होतं संबंधितांसाठी. मला वाटलं, आफिसातल्या लोकांचं काही असेल.”

वाचकांनीं हंसूं नये. मुलगी मंद नाहीं. गणितांत तिला चांगले गुण आहेत. हाच प्रसंग आपल्यांतील एखाद्या घरीं घडता काय, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या घरांत आजोबा असतात, त्यांनीं कधीं काळीं कारकुनी केलेली असते. काका बँकेंत असतात, आत्या शाळेंत शिकविते. जेवतांना कोणी तरी सहज विचारतो, “काय रे, तुझे ते राहिलेल्या विषयाचे फॉर्म निघाले का?” आणि मुलगा घासाबरोबर ती गोष्ट गिळतो. आपल्या मुलास ‘संबंधित’ शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागला नाहीं, कारण दोन-तीन पिढ्या घरांत त्याचा अर्थ जेवणाच्या पानावर वाढला गेला आहे. आपण यास मुलाची हुशारी समजतों.

आमच्या या भागांत तर हा विचार अधिकच करावयास हवा. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पाठोपाठ मोटारींचे कारखाने आले. चार खेड्यांची १९७० मध्यें नगरपालिका झाली, १९८२ मध्यें महानगरपालिका. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चाकणच्या माळावर यंत्रांचें नवें गांवच वसलें. प्रत्येक कारखान्याबरोबर लांबलांबच्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतूनही माणसें आलीं. त्यांचीं मुलें आज या फलकांपुढें उभीं आहेत. त्यांच्या घरीं विचारणारा कोणी नाहीं. बाप रात्रपाळीहून येऊन झोंपलेला असतो, आणि आईला ‘सत्र’ म्हणजे काय तें ठाऊक नसतें. येथें सूचना जितकी मोघम, तितकी ती ज्यास तिची खरी गरज आहे त्यास चुकवून पुढें जाते.

संस्कृताच्या वेडामुळें आम्हांस या ठिकाणीं नालंदेची आठवण होते. इत्सिंग नांवाचा चिनी यात्रेकरू सातव्या शतकांत तेथें सुमारें दहा वर्षें राहिला. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, वेळ मोजण्यास तेथें घटिकापात्र असे आणि त्याप्रमाणें नगारा वाजे. सकाळीं स्नानाची वेळ झाली म्हणजे घंटा होई, आणि भिक्षूंचे थवे तळ्यांकडे निघत. ती घंटा संबंधितांसाठीं नव्हती. ज्यास कान होता त्यास ती ऐकूं येई, मग तो कालच कोरियाहून आलेला कां असेना. युरोपांत पुढें कागद लावण्याची चाल पडली. विटेनबर्ग येथील ज्या चर्चच्या दारावर १५१७ सालीं ल्यूथरनें आपले सिद्धान्त लावल्याची कथा आहे, तें दार म्हणजे तेथील विद्यापीठाचा सूचनाफलकच होता. पण ते सिद्धान्त लॅटिनमध्यें होते. सामान्य जनांपर्यंत ते पोंचले, ते जर्मन भाषेंत उतरून छापले गेले तेव्हां.

कोणी म्हणेल कीं, गुरुजी, आपण कोणत्या काळांत आहां? आतां सूचना भ्रमणध्वनीवर येतात. येतात, हें खरें. आम्हींही त्या पाहिल्या आहेत. सकाळपासून सायंकाळपर्यंत शंभर-सव्वाशें संदेश, त्यांत वाढदिवस, सुप्रभात, हरवलेली छत्री, आणि मध्येंच कोठें तरी परीक्षेच्या अर्जाचा तो कागद, वांकडा टिपलेला. शिवाय आणखी एक गोष्ट हरवली. जिन्याखालच्या फलकापुढें मुलांचा घोळका असे. त्या घोळक्यांत एक तरी जाणता असे, आणि तो मोठ्यानें म्हणे, “अरे, ज्यांचा विषय राहिलाय त्यांनी शुक्रवारपर्यंत भरायचाय.” त्या एका वाक्यानें दहा जण वांचत. भ्रमणध्वनी ज्याचा तो एकट्यानें वाचतो. न समजल्यास शेजारच्याकडे पाहावें, तर शेजारीं कोणी नसतें.

गोष्ट परीक्षेपुरती असती तरीही आम्हीं इतकें लिहिलें नसतें. जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें असा निर्णय काढला कीं, ज्यांच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे अशा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या वर्गांतील मुलींनीं केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेनें व्यावसायिक शिक्षणक्रमास प्रवेश घेतल्यास त्यांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ व्हावें. पूर्वीं ही सवलत निम्मी होती. मात्र अभिमत विद्यापीठें व खाजगी विद्यापीठें यांतून वगळलीं आहेत. आतां आमच्याच भागाचें पाहा. पिंपरीचें डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ अभिमत आहे, मावळांत सात्यास नवें खाजगी विद्यापीठ झालें आहे, आणि बाकीचीं बहुतेक महाविद्यालयें पुणें विद्यापीठास संलग्न आहेत. म्हणजे एकाच घरांतील दोन बहिणी एकाच गाडीनें दोन आवारांत शिकावयास गेल्या, तर एक ‘संबंधित’ आणि दुसरी नाहीं! हा भेद प्रवेशापूर्वीं कळला तर लाखों रुपयांचा आहे, नंतर कळला तर निव्वळ हळहळीचा. ज्या घरीं शासननिर्णय वाचण्याची संवय नाहीं, त्या घरीं तो प्रवेशापूर्वीं कोण सांगणार? आपल्या इमारतीचा पहारेकरी, धुणीभांडीं करणाऱ्या बाई, पोळ्या लाटावयास येणाऱ्या ताई यांच्या घरीं बारावीस कोणी आहे काय, एवढें मे महिन्यांत विचारावयास आपणांस फार कष्ट पडत नाहींत. आमच्या इमारतींतील दोघी गृहिणींनीं गेल्या वर्षापासून हें काम अंगावर घेतलें आहे. उत्पन्नाचा दाखला कोठें मिळतो, किती दिवस लागतात, हें त्यांस आतां तलाठ्याइतकें पाठ आहे.

फलकाचें काम आम्हीं आमच्याकडे घेतलें. मुलीच्या त्या प्रसंगानंतर आम्हीं एक सूचना लिहून पाहिली. ती अशी:

‘प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनो, पहिल्या सत्रांत तुमचा एक किंवा अधिक विषय राहिला असेल तर हा कागद तुमच्यासाठीं आहे. त्या विषयाच्या परीक्षेचा अर्ज निराळा भरावा लागतो. तो आपोआप भरला जात नाहीं. न भरल्यास परीक्षेस बसतां येणार नाहीं. शेवटची तारीख खालीं मोठ्या अक्षरांत आहे. समजलें नाहीं तर खिडकी क्रमांक दोनवर विचारा. विचारल्याबद्दल कोणी रागावणार नाहीं. वाचून झाल्यावर आपल्या शेजाऱ्यास सांगा.’

ही सूचना आम्हीं एका महाविद्यालयाच्या कार्यालयांत नेऊन दिली. तेथील लिपिकांनीं ती दोनदां वाचली, चांगली आहे म्हणाले, आणि हिच्यावर जावक क्रमांक नाहीं, सबब लावतां येत नाहीं, असें सांगून परत केली. शेवटचें वाक्यही त्यांस नियमांत बसेलसें वाटेना. आम्हीं तें वाक्य तसेंच ठेवून, वर जावक क्रमांकासाठीं दोन बोटें जागा सोडून, ती स्वच्छ अक्षरांत पुन्हा लिहून दिली आहे. येत्या सोमवारीं आम्ही त्या बाजूस जाणार आहों.