बॅटरी बदलण्याआधी पट्टा बघा!

सकाळी ट्रॅक्टर सेल्फवर चालू झाला नाही की आपल्याकडे निकाल ठरलेला असतो : बॅटरी गेली! मग दोन पोरांना हाक मारून धक्का द्यायचा, नाहीतर आदल्या रात्रीच ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवायचा. चार दिवसांनी नवी बॅटरी येते. पंधरा दिवस बरे जातात आणि तीही उतरते. दुकानदाराला शिव्या बसतात त्या वेगळ्याच. माझे स्पष्ट मत असे, की अशा पुष्कळ बॅटऱ्या निर्दोष असतात. त्यांना वरून खायलाच मिळत नाही. बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. तयार करतो डायनामो, किंवा नंतरच्या ट्रॅक्टरवर अल्टरनेटर.

जुन्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन एकदा चालू झाले की त्याला विजेची गरज उरत नाही. नांगरट होते, ट्रॉली ओढली जाते, म्हणून चार्जिंग बंद पडलेले महिनोन्‌महिने कळत नाही. कळते ते दिवे लावल्यावर. चिखली १९९७ साली महापालिकेत गेली, निम्म्या शिवारात शेड उभ्या राहिल्या, पण ट्रॅक्टर काही गेले नाहीत. इंद्रायणीकाठच्या पट्ट्यात आणि नदीपलीकडे मोई, निघोजे, कुरुळी, चिंबळीकडे ते आहेतच. मोशीच्या उपबाजाराला, चाकणच्या कांदा बाजाराला माल न्यायचा तर वाट तीच, जिच्यावरून तळवडे-चाकणच्या कंपन्यांचे कंटेनर आणि कामगारांच्या बसगाड्या धावतात. मागचा लाल दिवा नसलेली ट्रॉली त्या ड्रायव्हरला रात्री दिसते तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते. म्हणून हा विषय मी नुसता खर्चाचा मानत नाही.

आता तपासायचे कसे? दोन-चारशे रुपयांचा साधा मीटर घ्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. १२ किंवा खाली असेल तर ती उतरलेली आहे. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा. आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान गेला तर चार्जिंग ठीक. जागचा हललाच नाही तर वीज येत नाही. १५ च्या वर जात असेल तर कटआऊट-रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरीचे पाणी दर आठवड्याला कमी होते, ही तक्रार बहुधा त्याचीच असते.

वीज येत नाही म्हणून लगेच डायनामो उतरवू नका. आधी इंजिन बंद करून फॅनचा पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबावा. त्याहून ढिला असेल, काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर तो घसरतोय. मग बॅटरीची टोके बघा. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी साचलेली असते. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा (झाकणे घट्ट लावून, सोड्याचे पाणी आत जाता कामा नये), घासून पुसा, केबल कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीपासून चासीला गेलेली अर्थची पट्टी तर कुणी बघतच नाही. ती गंजलेली असली की नवी बॅटरी, नवा सेल्फ, सगळे पाण्यात.

चार्जिंगचा लाल बल्ब हा तर गमतीचा प्रकार आहे. चावी फिरवली की तो लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल तर "बरे झाले, तक्रार नाही" असे समजू नका. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बमधूनच मिळतो. चहाच्या किमतीचा बल्ब उडालेला असतो आणि आपण अल्टरनेटर खोलून बसतो!

एक जुनी खोड मात्र मोडलीच पाहिजे. चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून "चार्जिंग आहे का" बघणारे उस्ताद अजून आहेत. डायनामोच्या काळात ते खपून गेले. अल्टरनेटरवर हे केले तर आतले डायोड जळू शकतात, शिवाय बॅटरीतून निघणाऱ्या वायूजवळ ठिणगी पडली तर स्फोट होतो. ट्रॅक्टरला वेल्डिंग करतानाही अल्टरनेटरच्या वायरी सोडवून ठेवा.

डायनामो असेल तर आणखी दोन गोष्टी. तो मंद चालीवर फारसे भरत नाही, त्यामुळे इंजिन अर्धा तास नुसते फुरफुरत ठेवून डिझेल जाते, बॅटरी भरत नाही. दुसरे, जुन्या लहान डायनामोची ताकद ११ अँपिअरच्या आसपास. त्यावर ५५ वॅटचे दोन हॅलोजन लावले की नऊ अँपिअर तिथेच संपले. वर पोरांचा टेप आणि गाण्याचा भोंगा! बॅटरीने काय करावे?

कुदळवाडीच्या भंगार बाजारातून जुना अल्टरनेटर आणून बसवणारे पुष्कळ होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली हजारो शेड महापालिकेने पाडली, तरी जुना माल इतरत्र मिळतोच. घ्यायला हरकत नाही, पण बाकावर फिरवून, मीटर लावून दाखव म्हणा. दांडा हाताने हलत असेल तर सोडून द्या. आणि बसवण्याआधी आपल्या ट्रॅक्टरचा कोणता टर्मिनल चासीला जोडला आहे ते पाहा. काही जुन्या विलायती धाटणीच्या ट्रॅक्टरवर प्लस अर्थ असतो, तिथे उलटे जोडले की पहिल्याच क्षणी डायोड गेले.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना एक सुचवावेसे वाटते. अपघातानंतर पंचनाम्याला आपण सगळे जातोच. कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी एका रविवारी चावडीसमोर गावचे ट्रॅक्टर-ट्रॉल्या बोलवा. एक मीटर, एक पाना, एक जाणता वायरमन आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या एवढेच साहित्य लागते. ट्रॅक्टरचे चार्जिंग बघा आणि ट्रॉलीपर्यंत गेलेल्या वायरीचा प्लगही, कारण मागचा दिवा बहुतेक वेळा तिथेच तुटलेला असतो. कृषी विभागाचा माणूस बोलावलात तर तो येईल. मी तर नक्की येईन.